उतरा, डाक्टर

सोपानमामांना गाडीवान म्हणणं जरा अवघडच आहे. गाडीवानाचं काम माणसाला गाडीत बसवून नेण्याचं, आणि मामांचं सगळं लक्ष मला गाडीतून उतरवण्यात. चढ आला की "उतरा, डाक्टर." ओढा आला की "उतरा." वाळू, खडी, वाटेत आडवी पडलेली बाभळीची फांदी, त्यांना काहीही निमित्त पुरे. आवाज कधी चढवायचे नाहीत, मागं वळूनही पाहायचे नाहीत. कासरा ओढून बैल थांबवायचे आणि मी उतरल्याचा हिसका गाडीला बसला की पुढं हाकायचे. तो हिसका चांगला जोरदार असे.

मी डॉक्टर नव्हतो. मी देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा होतो. मॅट्रिक झाल्यावर सरकारच्या आरोग्य खात्यात तात्पुरत्या जागेवर चिकटलो होतो. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. ताडकळसला एक खोली घेतली होती आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत लसीची पेटी घेऊन, खात्यानं भाड्यानं ठरवलेल्या मामांच्या गाडीतून आसपासची खेडी पालथी घालायची, असं काम होतं. खेड्यात सुई धरणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात, एक शिंपी सोडून. मला पाहिलं की बाया आपली पोरं कणगीमागं दडवत. पोरं सुईला भीत, की माझ्या आकाराला, हे मी कधी विचारलं नाही.

चोविसाव्या वर्षी मी दोन माणसांच्या जागेत एकटा बसत होतो. झरीला माझी आई होती, तिला याचा फार अभिमान. वडील गेल्यावर तिनं दुसऱ्यांच्या वावरात निंदण-खुरपण करून मला शिकवलं होतं. पोराच्या अंगावर मांस दिसतंय म्हणजे घरात दाणे आहेत, असं तिचं गणित. मी घरी गेलो की ती माझ्या दंडाला हात लावून बघायची आणि शेजारणीला हाक मारायची.

खात्याचं गणित मात्र वेगळं निघालं. नोकरी कायम होण्यासाठी परभणीच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी होती. तिथल्या डॉक्टरांनी मला जिना चढून यायला सांगितलं. मी चढून गेलो, तेव्हा छातीचा भाता असा चालला होता की त्यांना नळी लावायचीही गरज पडली नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि शिमगा झाल्यावर परत यायला सांगितलं. तेव्हाही हीच गत राहिली तर तात्पुरती जागाही जाईल, असं कारकुनानं बाहेर आल्यावर हळूच सांगितलं. आईनं तोवर गावभर "माझा डाक्टर" करून ठेवलं होतं. तिच्यापुढं कोणत्या तोंडानं जायचं, याचाच मला घोर लागला.

हे सगळं मी परतीच्या वाटेवर मामांना सांगितलं. पन्नाशी उलटलेला, वाळल्या शेंगेसारखा माणूस. त्यांनी बैलांकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुमी फुडं बसले की माझ्या गुलब्याच्या मानंवर वझं येतंय, अन् मागं बसले की गाडी उलार होऊन मागं कलंडायलीय. तुमाला बसायला जागाच न्हाई बघा." गुलब्या म्हणजे त्यांच्या जोडीतला म्हातारा बैल. त्याचा खांदा जुवानं सुजला होता. लोक सांगत, बाजार दाखवा, पण मामा ऐकत नसत. त्या दिवसापासून "उतरा" सुरू झालं. मला वाटलं, या माणसाला माझ्या नोकरीची केवढी काळजी. बैलाच्या खांद्यावर रोज हळद आणि तेल चोळताना मी त्यांना पाहत होतो, तरी मला तसंच वाटलं.

उतरणं एकवेळ जमलं, खाणं आवरेना. देवीचा डॉक्टर गावात आला की पाटलाच्या घरी पान वाढलेलंच असायचं. त्यातून हुरड्याचे दिवस. नको म्हणावं तर माणसं दुखावत, आणि खरं सांगायचं तर नको म्हणायची मलाही फारशी घाई नसायची. मामांनी यावर तोड काढली. गावात शिरताच ते सांगून टाकत, डाक्टरला आज उपास हाय. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. उरलेल्या वारांना त्यांनी माझ्या कुलदैवताला कामाला लावलं. योजना चांगली होती, पण आम्ही दोघेही एक गोष्ट विसरलो. आमच्या भागात उपाशी माणूस दारात आला तर त्याला तसाच जाऊ देत नाहीत. घराघरांतून भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, गुळाचे लाडू आणि तांब्याभर म्हशीचं दूध येऊ लागलं. एवढ्या तरुण वयात एवढा देवभोळा माणूस, म्हणून बाया आग्रह जास्त करत. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, मी तर आठवड्याला सात एकादश्या करत होतो.

दोन महिन्यांनी मामांनी मला बाजाराच्या दिवशी आडत्याच्या काट्यावर नेलं. कापूस जोखायचा तो मोठा काटा. परभणीहून परतलो तेव्हा त्याच्यावर एकदा बसलो होतो, म्हणून आकडा ठाऊक होता. मापाड्याला जोखलेला माल मोठ्यानं पुकारायची सवय. त्यानं मलाही पुकारलं. मी दोन शेरांनी वाढलो होतो. भोवती जमलेल्या लोकांत कुणीतरी माझा भाव विचारला आणि सगळे हसले. मीही हसलो, कारण लठ्ठ माणसाला आपल्यावर सर्वांत आधी हसावं लागतं, नाहीतर लोक जास्त हसतात.

गाडीजवळ आल्यावर मात्र मला रडू आलं. चोवीस वर्षांचा बाप्या, पेंडीच्या पोत्यावर बसून रडत होता. मी म्हणालो, मामा, हे माझ्यानं व्हायचं नाही, उद्या झरीला जातो आणि आईला खरं काय ते सांगून टाकतो.

मामांनी बैलांपुढं कडबा टाकला. मग माझ्याशेजारी उकिडवे बसले. "नवा गोऱ्हा जुवाखाली घातला की पैल्या दिशी बसतोच," ते म्हणाले. "लय मोठा बैल निघणारबी बसतो. त्येला कुणी नापास करत न्हाई डाक्टर. दुसऱ्या दिशी परत जुपायचा. तुमी दोन महिने बसले म्हणून काय झालं, हाय की अजून दोन महिने."

माझी तुलना आजवर पुष्कळ जनावरांशी झाली होती, त्यांत बैल पहिल्यांदाच आला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून उपास बंद झाले. गावाच्या अलीकडं एखाद्या लिंबाखाली मामा फडकं सोडत. एक भाकरी, ठेचा आणि कांदा माझ्यापुढं ठेवत. ते खाऊन झालं की गावात जायचं आणि सांगायचं, डॉक्टरचं जेवण झालं. पाटलाचा मान राखायचा म्हणून पानावर मामा बसत. माझ्या वाट्याचं तूप, लोणी, शेवया सगळं तेच जेवत आणि त्यांच्या अंगाला एक तोळाही लागत नसे. या अन्यायाबद्दल मी देवाला आजही माफ केलेलं नाही.

चालणंही वाढवलं. आधी एका बाभळीपासून दुसरीपर्यंत, मग एका शिवेपासून दुसऱ्या शिवेपर्यंत. मामा स्वतःही उतरून बैलांच्या बाजूनं चालत. गाडीत नुसती लसीची पेटी ओल्या फडक्यात गुंडाळून ऐटीत बसलेली असायची. पण गावाची पहिली घरं दिसू लागली की मामा गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, "आता बसा." धूळ झटकायला स्वतःचा पटका द्यायचे. डॉक्टर पायी आला असं गावानं पाहू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मी घामानं भिजलेला, धापा टाकणारा, पण गावात शिरायचो तो नेहमी गाडीत बसून. ताठ बसायची सवय मला त्या शेवटच्या शंभर पावलांत लागली.

माघ संपता संपता एका सकाळी मामा आले ते एकाच्या जागी दुसरा बैल जुपून. नवा बैल भाच्याकडून आणलेला, तरणा, मान उंच धरून चालणारा. गुलब्या रात्री गोठ्यातच गेला होता. त्यांच्या वावराच्या बांधाला पहाटे खड्डा करून ते आले होते आणि हाताला अजून माती होती. मी आज दौरा राहू द्या म्हटलं, तर म्हणाले की लस खराब होईल. मी गाडीत बसलो. दुःखाच्या वेळीसुद्धा माणसाचं मन काय करतं पाहा, मला वाटलं, आता बैल तगडा आहे, आता चालणं सुटलं.

पहिल्याच चढाला मामांनी कासरा ओढला. "उतरा, डाक्टर."

मी म्हणालो, मामा, हा बैल तर मला घेऊन परभणीपर्यंत पळेल.

त्या दिवशी ते पहिल्यांदा मागं वळले. डोळे लाल होते. "आतापत्तोर गुलब्यासाठी म्हणत हुतो," ते म्हणाले. "आता तुमच्यासाठी म्हणायलोय. उतरा."

मी उतरलो. इतके दिवस ज्या मायेवर मी हक्क सांगत होतो ती बैलाची होती, हे मला तिथं समजलं आणि त्याच क्षणी ती माझ्याकडं आली होती. मला दोन्हीची लाज वाटली. त्या दिवशी आम्ही दौऱ्यातली तिन्ही गावं पायी केली.

शिमगा झाल्यावर परभणीला गेलो. जिना तोच होता. मी चढून गेलो, डॉक्टरांनी नळी लावली, मागचा कागद पाहिला, परत माझ्याकडं पाहिलं आणि सही केली. मी बारीक झालो होतो असं नाही, नुसता माणसात आलो होतो. आईनं दंड चाचपून पाहिला आणि रडायला लागली, नोकरीत पोराचे हाल होतात म्हणून. कायम झाल्याचा कागद तिच्या हातात दिला तेव्हा कुठं थांबली.

त्या कागदाबरोबर खात्याकडून आणखी एक वस्तू आली. कायम झालेल्याला दौऱ्यासाठी सायकल मिळत असे, आणि सायकल आली की गाडीचं भाडं बंद. मला हे ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे मी विचारच केला नव्हता. चार महिने स्वतःच्या पोटाकडं बघत बसलेल्या माणसाला दुसऱ्याचं पोट दिसायचं कसं.

सायकल हातात धरून मी मामांच्या वावरात गेलो. ते करडई काढत होते. त्यांनी उठून सायकलभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिला आणि ही चारा खात न्हाई ते लय चांगलं, असं म्हणाले. मी विचारलं, मामा, असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?

"पैल्यापासनं ठाव हुतं. तुमच्या आदीच्या डाक्टरलाबी आल्ती."

"मग मला कशाला चालवलंत?"

ते माझ्याकडं बघत राहिले, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं म्हणून. "मग काय, माझ्या गाडीपायी तुमाला जाडच ठिवू का काय?"

मला फार बोलायचं होतं. त्याऐवजी मी सायकलची घंटी वाजवली. एवढ्या मोठ्या माणसापुढं माझ्याकडून तेवढंच झालं. मामांनी मान हलवली आणि विळा उचलून ते पुन्हा करडईच्या तासाला लागले.