उसनं घराचं नाव

वडिलांनी माझ्या धाकट्या बहिणीसाठी गल्लीतलंच स्थळ विचारलं, तेव्हा मुलाचा बाप खो खो हसला. "भावाला बहीण देता व्हय?" आम्हा तेलुगू विणकरांत घराचं नाव एक असलं की माणसं भाऊबंद ठरतात. आमचं आणि त्यांचं नाव एकच होतं.

मग वडिलांनी आयुष्यभर झाकलेली मूठ उघडली. हे नाव आमचं नव्हेच. आजोबा निजामाच्या मुलखातून सोलापुरात आले, तेव्हा कारखानदार आपल्या भाऊबंदांनाच माग देई. आजोबांनी बेधडक त्याचं नाव लावलं आणि त्याचे चुलतभाऊ होऊन बसले.

"मग खरं नाव शाबीत करून दावा की," मुलाचा बाप म्हणाला.

दावा म्हणे! आजोबा तर आदल्याच साली गेलेले. बायका हसतात म्हणून बहीण नळावर जाईना. तिचं उतरलेलं तोंड बघून मला मागावर बसवेना, सूत सारखं तुटे. आजोबांच्या गावाचं नाव तेवढं ठाऊक होतं. गाडीत बसलो, पुढचंच होटगी स्टेशन येईस्तोवर चारदा उठलो नि बसलो.

त्या गावात आमच्या जातीच्या वंशावळी तोंडपाठ म्हणणारा एक म्हातारा भेटला. आजोबांचं नाव सांगताच त्यानं आमचं खरं घराणं भडाभडा म्हटलं आणि आजोबांपाशी थांबला. "दुष्काळात मेला. पुढं वंश नाही."

माझं डोकंच फिरलं. "मग मी कोण? भूत?"

म्हातारा ढिम्म. रक्ताच्या माणसानं साक्ष दिल्याशिवाय मेलेल्याचा वंश पुढे म्हणता येत नाही, म्हणाला.

आजोबांची धाकटी बहीण अजून हयात होती. तिला बोलावलं. तुटलेलं सूत तो कोणत्या हातानं सांधायचा, एवढंच तिनं विचारलं. "डाव्या," मी म्हणालो.

"माझ्या भावाचाच नातू," ती म्हाताऱ्याला म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

मग तिनं विचारलं, "कधी गेला?"

"गेल्या साली."

"न्यायला येतो म्हणाला होता. मेला म्हणूनच आला नाही, असं धरून बसले होते मी."

वंशावळवाल्याला सोबत घेऊन परतलो. त्यानं मुलाच्या बापासमोर आमचं घराणं माझ्यापर्यंत म्हटलं आणि महिन्याभरात बहिणीचं लग्न लागलं.

निघताना म्हातारीला मी म्हणालो होतो, लग्नाला तुला न्यायला येतो. गेलो नाही.