भाईच्या तोंडावरचा केक

बाळांनो, तुमच्या आईने मागच्या खेपेला आणलेली पाव कापायची लांब, दातेरी सुरी तुम्हाला आठवत असेल. आपल्या गावात लादीपाव येतो आणि तो हातानेच तुटतो. त्यामुळे सुरी खोक्यात तशीच पडून होती. गेल्या जानेवारीत एका टोळीने ती माझ्याकडून मागून नेली. मी स्वतः ती धुऊन, पुसून दिली.

टोळी म्हणजे सोळा-सतरा वर्षांची पाच मुले. दिवाळी झाली की त्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि केज तालुक्याच्या या बाजूच्या निम्म्या घरांना कुलपे लागतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि ही मुले. कॉलेज नावापुरते, दिवस लांबच लांब. मोबाइलवर कुठल्या कुठल्या गँगचे व्हिडिओ बघून यांनीही गँग काढली. एकाला भाई केले आणि त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लावला. त्यात गॉगल होता, दुसऱ्याचे घड्याळ होते आणि मिशी फ्लेक्सवाल्याने काढून दिलेली होती. अडचण एकच होती. भाईने केक कोयत्याने कापायचा असतो, आणि गावातले सगळे कोयते आईबापांबरोबर ऊस तोडायला गेले होते!

म्हणून माझी सुरी. "केक कापायचाय, मॅडम आजी," एवढेच ते म्हणाले. (मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून मॅडम.) केक हाताने न तोडता सुरीने कापावा असे त्यांना वाटले, याचे मला कौतुकच वाटले.

दुपारी आमच्या अंगणापलीकडे गाणी सुरू झाली. कपडे वाळत घालायला निघताना मी एकदा तिकडे डोकावून आले आणि मग वाचत बसले. तासाभराने भाईची थोरली बहीण धापा टाकत आली. ही मुलगी एकोणीस वर्षांची. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यावर धावते आणि रानात लोखंडी गोळा फेकते. तिची मैदानी चाचणी आठ दिवसांवर आली होती.

"आजी, लई घोळ झालाय. त्यानं माझ्या मोबाइलवरून रील टाकलंय. माझ्या नावाच्या अकाउंटवर! हातात हत्यार हाय. पोलीस असल्यांना उचलायलेत सध्या. माझ्यावर गुन्हा पडला की भरती संपली माझी."

"मग पुसून टाक."

"लॉक बदललंय त्यानं. आता त्याचं तोंड दाखवल्याबिगर उघडत न्हाई."

"आणि हत्यार आणलं कुठून?"

"तुमीच दिलं की, आजी."

मी चपला घातल्या.

लिंबाखाली गँग पसरली होती. बिअरचे डबे, देशीच्या बाटल्या आणि कोल्ड्रिंक, सगळे एका बादलीत ओतून प्यायले होते. एक जण शेळीच्या गळ्यात पडून रडत होता, "तू तरी सोडून जाऊ नको बे." दुसरा मला बघून ताडकन उठला, "गुड मॉर्निंग, मॅडम!" म्हणत सलाम ठोकला आणि परत बसला तो उरलेल्या केकवर. तिसरा म्हणाला, "आमी पिलो न्हाई, आजी. थंडीनं डोळे लाल झालेत." चौथा त्याला दुजोरा देता देता आडवा झाला.

भाई उताणा झोपला होता. आधी मी त्याला कुशीवर वळवले आणि श्वास नीट चालू आहे ना, ते पाहिले. प्यायलेल्या माणसाला उताणे झोपू द्यायचे नाही आणि एकटे सोडायचे नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा. मग मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. मोबाइल त्याला ओळखेना. कसा ओळखणार? तोंडाला कानापर्यंत गुलाबी केक फासलेला आणि वर दोन अंडी फोडलेली.

"आकडा सांग बे, आकडा!" बहीण ओरडली. त्याने मोठ्या रुबाबात एकामागून एक तीन आकडे सांगितले. तिन्ही चुकले.

मी साबण, तांब्या आणि टॉवेल आणला. गँगच्या म्होरक्याचे तोंड मी बालवाडीतल्या मुलासारखे धुतले, कानामागेसुद्धा. गुलाबी रंग भुवयांतून काही निघेना. शिवाय तो डोळे मिटून गोड हसत होता. पापण्या मी बोटांनी ताणून धरल्या, पण मोबाइलला ते पटले नाही. शेवटी बहीण ताठ उभी राहिली आणि कवायतीच्या आवाजात गरजली, "ए! पोलिसांची जीप आली!"

भाईचे डोळे बशीएवढे झाले. मोबाइल उघडला. बाकीचे चौघे धडपडत पळाले, त्यातला एक शेळीसकट.

मग आम्ही ते रील पाहिले. धडाड धडाड संगीत, गॉगल लावलेला भाई हवेत सुरी फिरवतोय, आणि मागून ओल्या कपड्यांची बादली घेऊन मी येते नि विचारते, "ताटल्या आणू का रे?" खाली कुणीतरी लिहिले होते, "खरी डॉन तर आजी हाय."

बहीण हसता हसता खाली बसली. मी म्हटले, "परत एकदा लाव." आम्ही तीनदा पाहिले. खरे सांगते, मला ते पुसवत नव्हते.

"आजी, पुसू का आता?"

"पूस बाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने पाचही दारे बडवली. "कावून, ताई?" असा भाईचा केविलवाणा आवाज मी खिडकीतून ऐकला. "जीप आल्यावर तुमाला पळता येत न्हाई, म्हणून," ती म्हणाली. पुढचे सात दिवस गँग तिच्यामागे धापा टाकत धावली. पहिल्या दिवशी तर भाई पुलाजवळच ओकला.

चाचणीच्या दिवशी पाचही जण दुपारपासून फाट्यावर बसून होते. मीही गेले होते. काळीपिवळी थांबली आणि ती उतरली. तोंडावरून काहीच कळेना. खांद्यावरची पिशवी तिने माझ्या हातात दिली, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि म्हणाली, "ग्राउंड निघालं, पास झाले! धरा आता मला!"

आणि सुटली. गँग तिच्या मागे. घर येईपर्यंत एकालाही ती सापडली नाही.