सात पानं आणि फिटरमामा

फिटरमामांच्या लक्षात माणसाचा चेहरा राहत नसे, तळहात राहायचा. पथकात नवा आलेला मुलगा आपलं नाव, आडनाव, कॉलेज असं सगळं सांगायला लागला की ते त्याला मध्येच थांबवायचे. "ते राहू दे. हात दाखव." मग ज्योतिषाने धरावा तसा तो हात उजेडात धरायचे आणि एका वाक्यात भविष्य सांगून मोकळे व्हायचे. "हा टिकायचा नाय." किंवा, "ह्याला दोन महिने लागतील." माझा हात त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ह्या हातानं आजवर फक्त जेवण झालंय."

खोटं काही नव्हतं त्यात. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं, मी बारावीत एकदा आपटून दुसऱ्यांदा आपटायच्या तयारीत होतो आणि पंचवटीतल्या आमच्या ढोल पथकात शिरलो होतो ते कमरेला ढोल बांधलेला मुलगा पोरींना बरा दिसतो अशी माहिती हाती आल्यामुळे. प्रत्यक्षात ढोलामागे फक्त डोकं दिसतं, ही माहिती नंतर आली.

मामा मूळचे सिन्नरकडचे. अंबडच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात फिटर. म्हणजे काम फिटरचं, पण नोकरी टेंपररी. दर काही महिन्यांनी ब्रेक, मग परत बोलावणं. सहा वर्षं हेच चाललेलं. किडकिडीत अंग, खाकी पँट, खिशाला कायम एक टेस्टर. ढोलाच्या दोन्ही तोंडांवर जे कातडं ताणून बसवतात त्याला आम्ही पान म्हणतो. ते पान बसवावं तर मामांनीच. बसवून झालं की ते त्यावर बोट आपटायचे, डोळे मिटायचे आणि "सर्दी हाय अजून" असं म्हणून दोरी आणखी ओढायचे. पथकात वाजवताना त्यांना मी कधी पाहिलं नाही. ते फक्त ऐकायचे, तेही तोंड वाकडं करून.

आताची पथकं एसी बसने जातात, त्यांच्या टी-शर्टवर मागे नावं असतात. आम्ही ज्या टेंपोतून जायचो तो एरवी कांदा वाहायचा. त्यामुळे कुठल्याही गावात आमच्या आधी आमचा वास पोचायचा. बारा ढोल, चार ताशे, अठरा पोरं आणि पाण्याचा एक कॅन. मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात, आंघोळ हापशावर, तिन्ही त्रिकाळ बटाट्याची भाजी. ढोलाच्या पट्ट्याने कंबर सोलून निघायची आणि चार दिवस कानात नुसती शिट्टी वाजायची. आई हाका मारून दमली की पाठीत धपाटा घालायची, तेव्हा कळायचं की ती बोलत होती. एकदा इगतपुरीजवळ पावसाने गाठलं. ताडपत्री एकच होती. ती मामांनी ढोलांवर घातली. मी म्हटलं, "मामा, आम्ही भिजतोय ना!"

"तू भिजला तर शिंकशील," मामा म्हणाले. "पान भिजलं तर बोलतच नाय."

दौऱ्यावर रोज सकाळी हातांची तपासणी व्हायची. आम्ही व्हरांड्यात ओळीने उभे, मामांच्या हातात खोबरेल आणि हळद कालवलेला डबा. ज्याच्या हाताला फोड, त्याला त्या दिवशी ढोल नाही, झेंडा. झेंडा धरणं म्हणजे आमच्यात केवढी नामुष्की! एकदा माझ्या तळव्यावर लिंबाएवढा फोड आला. मी मूठ आवळून रांगेत उभा राहिलो आणि प्रसाद आहे म्हणून सांगितलं. मामा शांतपणे म्हणाले, "मग उघड की. वाटून खाऊ." दिवसभर मी झेंडा धरला आणि संज्या, म्हणजे माझा तेव्हाचा जिवलग मित्र, दर चौकात ओरडत होता, "ए प्रसाद, झेंडा सरळ धर!"

मामांचा एक नियम मात्र कुणीही मोडायचा नाही असा होता. प्रवासाला निघताना ढोलाच्या दोऱ्या सैल करायच्या. पोचल्यावर पुन्हा ताणायच्या. "माणूस झोपताना पट्टा सैल करतो का नाय? मग त्यालाबी मोकळा श्वास घेऊ दे." ऐकायला छान, पण दोरी पुन्हा ताणताना बोटांची सालं जायची. म्हणून हे काम पाळीपाळीने असे.

त्या चैत्रात भुसावळच्या पुढच्या एका गावची जत्रा होती. देवीची पालखी रविवारी दुपारी चारला निघणार, आम्ही पुढे वाजवणार. आणि नेमकं त्याच आठवड्यात मामांच्या कारखान्यात सांगितलं गेलं की सोमवारी सकाळी मुंबईहून साहेब येणार आहेत, टेंपररी पाच जणांतल्या दोघांना परमनंट करणार आहेत. पहिल्या पाळीला जो समोर उभा नसेल त्याचं नाव कट. आम्ही म्हटलं, मामा, तुम्ही येऊ नका. मामांनी जत्रेच्या कमिटीला महिन्यापूर्वी शब्द दिला होता. त्यांनी सगळं आखलं होतं. पालखी सातपर्यंत देवळात, मग जीपने भुसावळ, रात्रीची गाडी, पहाटे नाशिकरोड, तिथून सरळ कारखान्याचं गेट. "जाऊन येण्याचा तर खेळ हाय," म्हणाले. पण शनिवारी निघताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत तळाला ठेवलेला मी पाहिला.

त्या शनिवारी दोऱ्या सोडायची पाळी माझी होती. मी पाच ढोलांच्या सोडल्या. सहाव्याला हात घातला आणि कोपऱ्यावरून संज्याने हाक मारली, "मिसळ आलीय रे, तर्री निवतेय!" मी विचार केला की नाहीतरी उद्या ताणायचेच आहेत, तर आधीच ताणलेले असले तर उलट मामांचं काम वाचेल. स्वतःच्या आळसाला परोपकाराचं नाव द्यायला मला फार वेळ लागत नाही. टेंपोजवळून मामांनी विचारलं, "सोडल्या का सगळ्या?"

"हो मामा," मी म्हणालो. तोंडात पाव होता.

रविवारी दुपारी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात जेवत होतो. समोर मैदानात टेंपो उभा, वर ताडपत्री, त्यावर खानदेशचं ऊन. एकदम बंदुकीसारखा आवाज झाला. कुणीतरी म्हणालं, टायर गेला. मग दुसरा झाला. मग तिसरा.

मामांनी ताट खाली ठेवलं. "टायर असे ओळीनं जात नाय," असं म्हणून ते पळत सुटले.

आम्ही मागे. त्यांनी ताडपत्री फेकून दिली, आत भट्टी पेटावी तशी धग होती. उन्हाने आणखी आवळत गेलेलं चौथं पान फुटलं. मामांनी पाचव्या ढोलाच्या गाठीला बोटं घातली, पण गाठ घट्ट, तेही गेलं. सहावं गेलं. सातव्याची गाठ ते दातांनी सोडवत होते तेव्हा पान त्यांच्या तोंडासमोर फुटलं. मग सगळं शांत झालं. सैल केलेले पाच ढोल एका बाजूला शहाण्यासारखे बसून होते.

"दोऱ्या कोणी सोडल्या होत्या?" मामांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. "सगळ्या सोडल्या होत्या मामा. वाटेत... खड्ड्यांनी आपोआप ताणल्या असतील."

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आहेत, पण इतकी मंद थाप दुसरी नाही. संज्या आभाळाकडे बघायला लागला. मामांनी माझ्याकडे पाहिलं, त्या पाच ढोलांकडे पाहिलं, आणि फुटलेली पानं उतरवायला लागले.

कमिटीचे म्हातारे अध्यक्ष धावत आले. "पाच ढोलांवर देवी कशी काढू भाऊ? दहा गावचे पाहुणे आलेत. हसतील आम्हाला!" शेवटी ठरलं की पालखी सोमवारी सकाळी काढायची, तोवर ढोल उभे करायचे. मामा गावातल्या वाद्यं बांधणाऱ्याकडून बकऱ्याची कातडी घेऊन आले आणि शाळेच्या हौदात भिजत घातली. पण खरं काम पुढेच होतं. ओलं पान कड्यावर चढवून ते सावलीत सुकवावं लागतं, आणि जसजसं सुकेल तसतसं दर तासाला दोरी थोडी थोडी ओढावी लागते. कमी ओढली तर ढोल मुका, जास्त ओढली तर पुन्हा फाटतं. किती ओढायची हे सांगणारी बोटं अख्ख्या पथकात एकाच माणसाकडे होती.

सात वाजता जीप आली. मामा पायरीवर बसले होते, मांडीवर ढोल, कोपरापर्यंत हात ओले. ड्रायव्हरने हॉर्न मारला. "चला मामा, गाडी चुकेल!"

संज्या म्हणाला, "मामा, तुम्ही जा. आम्ही करतो."

"काय करता? कापडं वाळत घालायची हायत का?"

"निदान देवीचं नाव घेऊन प्रयत्न—"

"देवीला कशाला त्रास देतो? तिला उद्या लांब जायचंय."

पुन्हा हॉर्न वाजला. ह्या वेळी मी तोंड उघडावं, सगळं सांगून टाकावं, अध्यक्षांच्या पाया पडावं, पाच ढोलांवर काढा म्हणावं, असं बरंच काही मला सुचत होतं. मामांनी मान वर न करता मलाच हाक मारली. "इकडं ये. माझ्या मनगटावरचं घड्याळ काढ. पाणी जाईल त्यात."

मी पट्टा सोडला.

"ठेव तुझ्या खिशात," मामा म्हणाले. "आणि किती वाजले ते मला सांगू नको."

जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही सगळे उभे होतो. मामांनी दोरी ओढली.

सोमवारी सकाळी पालखी निघाली. बारा ढोल असे वाजले की अध्यक्ष रडले. मामा मात्र तेव्हा कारखान्याला फोन लावून एसटीडी बूथमध्ये उभे होते, रिसीव्हर एका कानाला आणि दुसऱ्या कानात बोट. परतीच्या टेंपोत त्यांनीच विषय काढला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "चूक माझी. निघताना दोऱ्या सोडायला सांगायचं मीच विसरलो." संज्याने मला लाथ मारली. मी रस्त्यावरची झाडं बघत बसलो.

दोन जण परमनंट झाले. मामा त्यात नव्हते. पुढच्या ब्रेकनंतर त्यांना परत बोलावणंही आलं नाही. मग ते पंचवटीतल्या आपल्या खोलीतच ढोल-ताशे दुरुस्त करायला लागले. हंगाम असला की घरात पाय ठेवायला जागा नसे. नसला की ते पहाटे भाजीबाजारात पाट्या उचलायला जात. मी त्यांना एकदा कोबीच्या गोणीखाली वाकलेलं पाहिलं आणि दुसऱ्या गल्लीतून घरी गेलो. मग मी वारंवार त्यांच्या घरी जायला लागलो, काही ना काही कारण काढून. सांगायचं म्हणून जायचो आणि क्रिकेटवर बोलून परत यायचो.

अशी नऊ वर्षं गेली. माझी गाडी रडतखडत पुढे सरकली आणि मी अंबडलाच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलो. परमनंटचा कागद हातात पडला त्या दिवशी पेढे घेऊन मामांकडे गेलो. मामा एका ताशाला कड घालत होते. पेढा त्यांनी बाजूला ठेवला, हात पुसले. "कागद आणलाय? वाच."

"इंग्रजीत आहे मामा."

"मग मराठीत वाच. सगळा वाच, गाळू नको."

मी वाचायला लागलो. आपण केलेल्या समाधानकारक कामाचा विचार करून आपणास कायम करण्यात येत आहे. मामा डोळे मिटून ऐकत होते, पानावर बोट आपटल्यावर ऐकायचे तसे. तिसऱ्या ओळीला मी थांबलो. कागद खाली ठेवून मी म्हणालो, "मामा, त्या सात ढोलांच्या दोऱ्या मी सोडल्याच नव्हत्या. मिसळ खायला गेलो होतो. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

मामांनी डोळे उघडले. नऊ वर्षं मी ह्या क्षणाची तयारी केली होती; ते चिडले तर काय, रडले तर काय, पोटाशी धरलं तर काय. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"माझी नोकरी घालवायला तू कोण रे?" ते म्हणाले. "जीप दारात उभी होती. मला पाय नव्हते का? मी बसलो नाय. ते माझं काम. त्यात तुझं नाव घुसडू नको."

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"पानं मात्र तू फोडली," मामा म्हणाले. "आणि खड्ड्याची थाप मारली. ते तुझं." मग मान वळवून त्यांनी आत हाक दिली, "अगं ऐकलं का? कबूल झाला!"

"झाला का एकदाचा?" आतून मामींचा आवाज आला. पाठोपाठ पातेल्याचा. "नऊ वर्षं दारातच चहा पिऊन पळतोय मेला. आता तरी बस म्हणावं त्याला."

मी बसलो.