उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्या

त्यांना सगळे मास्तर म्हणत, आयुष्यात त्यांनी कुणाला काही शिकवलं नव्हतं तरी. पियानोच्या तारा ताणायच्या, खुंट्या पिळायच्या, हातोड्यांवरचा नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर, टोचून मऊ करायचा, तीस वर्षं हाच धंदा. जुना पियानो घ्यायचा तर लोक आधी मास्तरांना दाखवत आणि मग पाकिटाला हात घालत. मास्तर नको म्हणाले की दुकानदार कितीही गोड बोलला तरी माणूस उठलाच.

आणि हेच मास्तर आठ महिने भीतीने अर्धे झाले होते. उजवीकडच्या शेवटच्या, सगळ्यात उंच सुरांच्या पट्ट्या त्यांना ऐकू येईनाशा झाल्या होत्या. पट्टी दाबली की लाकडाची टकटक तेवढी कळायची, सूर नाही. किटलीची शिट्टी वाजून वाजून थकायची, बायको तणतणायची, की बसल्या जागेवरून हलायला नको या माणसाला! मास्तर ऐकून घ्यायचे. आळशी ठरलेलं परवडलं, बहिरा ठरलो तर खायचं काय? डॉक्टरकडेसुद्धा गेले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. सूर जुळवायचं काम मोबाइलवर भागत होतं, सूर बरोबर लागला की पडद्यावरचा काटा मधोमध यायचा. पण वाद्य चांगलं की वाईट, हे त्या काट्याच्या बापालाही कळत नाही.

अशात शाळेतल्या संगीताच्या बाई आल्या. शाळेने संगीताचा वर्गच बंद केला आणि हातावर एक रक्कम ठेवून बाईंना वेळेआधी घरी बसवलं. तेवढ्या रकमेत एखादा जुना ग्रँड पियानो घ्यायचा, पुढच्या खोलीत मांडायचा आणि शिकवण्यांवर पोट भरायचं, असा त्यांचा बेत. हा फसला तर दुसरा घ्यायची ऐपत नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. मास्तरांनी रात्रभर सबबी जुळवल्या आणि सकाळी मुकाट्याने बाईंबरोबर निघाले.

बाईंच्या पैशांत बसणारे दोनच पियानो दुकानात होते, एक तपकिरी, एक काळा. तपकिरीच्या खुंट्यांना मास्तरांनी किल्ली लावली तर त्या लोण्यात फिरल्यासारख्या फिरल्या. हा आठवडाभरही सूर धरणार नाही, म्हणून तो बाद. काळ्याच्या खुंट्या घट्ट होत्या. मग मास्तर पुठ्ठा अंथरून त्याच्याखाली उताणे झाले आणि बॅटरी घेऊन लाकूड तपासत राहिले, जरा जास्तच वेळ. हात आणि डोळे यांचं काम संपलं की कानाचं सुरू होणार होतं.

बाई वाजवायला बसल्या. डावीकडून सुरुवात केली, भरदार आवाज निघाला, त्यांचा चेहरा उजळला. बाईंचा हात उजवीकडे सरकू लागला तसे मास्तर खालून उठून बाजूला उभे राहिले. अगदी टोकाला जाऊन बाई थांबल्या. एकच पट्टी त्यांनी तीनदा दाबली.

“मास्तर, इथं काही झिणझिणतंय का हो?”

मास्तरांना ऐकू आली ती फक्त टकटक.  दुकानदार शेजारीच उभा होता आणि महिन्याची निम्मी कामं त्याच्याच ओळखीने मिळायची. ‘नाही’ तोंडातून कसं गेलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. वर ठोकून दिलं की नमदा नवा आहे, महिन्याभरात बसेल.

बाईंच्या कपाळावरची आठी लगेच गेली. “तुम्ही म्हणता म्हणजे नसेलच. माझेच कान म्हातारे झाले,” असं म्हणून त्यांनी पर्स उघडली.

आता खरं तर मास्तर सुटले होते. कुणाला पत्ता लागला नसता. पण आपल्या एका शब्दाखातर या बाईने स्वतःचे धडधाकट कान खोटे ठरवले, हे त्यांनी पाहिलं. इतकी भीती त्यांना आठ महिन्यांत वाटली नव्हती.

“बाई, पैसे आत ठेवा,” ते म्हणाले. “तुमचे कान ठीक आहेत. मला इथलं काही ऐकूच येत नाही.”

दुकानदाराला थट्टा वाटली, तो हसला. मग मास्तरांचा चेहरा बघून फोनच्या निमित्ताने आत निघून गेला. बाईंनी ती पट्टी पुन्हा दाबली आणि मास्तरांनी तारांखालच्या लाकडावरून नख फिरवलं. केसाएवढी चीर होती, खालून न दिसणारी. पियानो घेऊन वर ती दुरुस्त करायची तर बाईंची रक्कम पुरली नसती.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, कधीपासून? मास्तरांनी खरं ते सांगितलं. बाईंनी पर्स बंद केली.

“मग उन्हाळ्यात माझ्या भाचीला पसंत करून दिलात तो पियानो?”

भाचीने त्यासाठी गाडी विकली होती. मास्तरांनी खिशातून डायरी काढली, चष्मा लावला आणि आठ महिन्यांची पानं उलटली. बोट एकेका नावावर थांबत गेलं.

“अकरा आहेत,” ते म्हणाले. “घरोघर जाऊन पुन्हा तपासायला हवेत. ऐकायला तुम्ही याल?”

“चला,” बाई म्हणाल्या. “आधी भाचीकडे.”

बाई दारापर्यंत पोहोचल्या तरी मास्तरांचा पाय काही उचलेना. आता अकरा दारांत हेच सांगायचं होतं, की मला ऐकू येत नाही.