तुरीखालचं बुटकं वाण

माझा नवरा लॅसेल्स चांगला सहा फुटी, आणि सगळं आयुष्य घालवलं गुडघ्याएवढ्या झाडांपायी.

आमच्या बेटावर, वेस्टमोरलँडच्या डोंगरात गांजा माणसाच्या दुप्पट वाढायचा. वरून हेलिकॉप्टरला दिसला की शिपाई येऊन जाळायचे. एकदा असंच रान जळल्यावर कडेला एक खुरटं झाड उरलं. पेरं अगदी जवळजवळ, पण वास तोच, लॅसेल्सचा बाप लावायचा त्या गांजाचा. त्याचं बी यानं तुरीच्या ओळींत पेरलं. दरवर्षी उंच जाईल ते उपटायचं, बुटकं राखायचं. लोक हसायचे, "लॅसेल्स, बकऱ्यांसाठी पेरतोस का रे?" हा आपला ढिम्म. आमची पोरं मोठी होऊन किंग्स्टनला गेली, तेव्हा कुठे सगळं रान बुटकं झालं. मग हेलिकॉप्टर डोक्यावरून जायचं आणि हा तुरीत बसून यामचे कंद भाजायचा.

गेल्या वादळात छप्पर उडालं, बियांचा डबा भिजला. मूठभर बी वाचलं, ते सगळं पेरलं. या साली माल विकायचा नाही, नुसतं बी धरायचं. आणि फुलं यायच्या वेळेलाच याची छाती भरली, दवाखान्यात न्यावं लागलं. माझा भाऊ व्हर्नल म्हणाला, "दाजी, रानाची काळजी करू नका. मी आहे ना." बी धरायचंय हे सांगायला याच्यात दम कुठे होता? आणि मी त्याच्या उशाशी.

घरी आलो तर व्हर्नल बांधावर उभा, छाती फुगवून. "एक नर ठेवला नाही, दाजी. दिसला की उपटला."

नर राहिला तर मादीच्या फुलात बी भरतं आणि मालाची माती होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बिचाऱ्यानं नेहमीचंच काम केलं होतं.

लॅसेल्सनं वाकून एक फूल बोटांनी चाचपलं. मग म्हणाला, "दमला असशील. आयसिल्डा, त्याला जेवायला वाढ."

वाढलं मी. पण खरं सांगते, सख्ख्या भावाच्या पानात खारा मासा रागानं आदळलाच.

रोपं तरी धरतील म्हणून फांद्या लावून पाहिल्या, त्या पावसात कुजल्या. गिऱ्हाईक मात्र माल बघून खूश. "एवढा साफ माल जन्मात पाहिला नाही. एक बी नाही यात." लॅसेल्सनं त्याला माल न देताच परत पाठवलं.

तेव्हापासून, चुकून एखादं बी सापडेल म्हणून, रोज ओट्यावर बसून एकेक फूल चुरतो, बोटांनी चाचपतो. व्हर्नलही शेजारी बसून चुरतो. त्याला आता कळलंय. अजून एक बी मिळालं नाही, आणि आज शेवटची जुडी सोडली आहे. मी आत चुलीशी आहे, आणि बाहेरून फुलं चुरल्याचा आवाज येतोय.