मिश्रीची डबी

मंगळवारी सकाळी आई ओट्याजवळ पडली. संध्याकाळी ती गेली. रक्तदाब वाढून मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. यापुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

आई हडपसरची, ते गाव होतं तेव्हाची. लग्नाआधीपासून दातांना मिश्री लावायची. बिबवेवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास सुटला, की मी खिडक्या उघडायचो. कॉलेजातले सहकारी घरी आले की तिनं हसू नये, असं मला वाटायचं. हे लिहिताना हात थांबतो — पण वाटायचं.

रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत तिच्या हिरड्या सुजून दातांवर चढू लागल्या. भाकरीच्या तुकड्याला रक्त लागायचं. मी तिला डेंटिस्टकडे नेलं. आईला बाहेर बसवून त्या बाई मला म्हणाल्या, "मिश्री सोडायलाच हवी. पण ही वाढ बहुतेक बीपीच्या गोळीमुळे आहे. तुमच्या डॉक्टरांना भेटा, ते बदलून देतील. तोवर गोळी बंद मात्र करायची नाही हं."

रिक्षात मी आईला फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

का? भीतीनं तरी मिश्री सुटेल म्हणून? की तिच्या काळ्या दातांची मला लाज वाटायची म्हणून? गोळीचं नंतर बघू, असं मी ठरवलं. बघितलं नाही.

तिनं मिश्री सोडली. हिरड्या वाढतच राहिल्या. "मिश्री सुटली, आता दातबी सुटत्यात बघ," असं तोंडाला पदर लावून ती हसायची. मग एकदा जेवताना घास खाली ठेवून म्हणाली, "हे त्या गोळीनंच व्हतंय रे. सुरू केली तवापासनं हाय."

तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही का? पुस्तकातून मान वर न करता मी म्हणालो, "तू कधी डॉक्टर झालीस?"

तिनं घास पुन्हा उचलला. पुढे हिरड्यांची सूज हळूहळू उतरू लागली. "बघ, मिश्री सोडल्याचा गुण," मी म्हणालो. मला आनंद झाला होता. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

ती गेल्यावर कपाट आवरताना तिची मिश्रीची पत्र्याची डबी हाती लागली. खुळखुळली. आत गोळ्या होत्या — रोज सकाळी मी तिच्या तळहातावर ठेवायचो, त्याच.

लोक म्हणतात, मी आईचं फार केलं. डबी माझ्या टेबलाच्या खणात आहे.