कोकराचं कातडं आणि माने सर

माने सरांवर लिहायला मी सगळ्यांत नालायक माणूस आहे, कारण मला त्यांचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे चांगलं लिहीन ते तोंडदेखलं नाही हे वाचणाऱ्यांना पटेल.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे लेख गोळा करायचं काम ऋतुजाकडं आहे. ती आमच्याच वर्गातली. ती शिकत राहिली आणि आता सरांच्या प्रयोगशाळेत काम करते. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं. ती म्हणाली, "दोन पानं लिही. कुणाशी भांडण न करता लिही." तिनं सांगितलं म्हणून लिहितोय.

सरांची पहिली ओळख धाराशिवच्या कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या तासाला झाली. सरांनी विचारलं, "कुणाच्या घरी मेंढरं आहेत?" आमची आहेत, परंड्याकडं. पण कॉलेजात मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. कुणीच हात वर करेना, तेव्हा सर म्हणाले, "माझ्या घरी होती. मेंढीचं कोकरू मेलं की आमचे वडील त्याचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचे. मेंढी वास घ्यायची, आपलंच समजून पाजायची. कुणी बघितलंय हे?" मग मी हात वर केला. ऋतुजानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. तिनं पहिल्यांदा बघितलं तेही सरांमुळंच.

सरांचं सगळं काम त्या कातड्यावर उभं आहे. रोगजंतू विष सोडतात आणि ते विष रक्तातल्या तांबड्या पेशींना भोकं पाडतं. सर तांबड्या पेशी फोडून आतलं सगळं धुऊन काढतात आणि उरलेलं पातळ आवरण औषधाच्या कणावर चढवतात. कण इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. शरीर त्याला परका समजून लगेच हाकलत नाही, आणि विष त्याला पेशी समजून चावतं अन् तिथंच अडकतं. कणाच्या पोटातलं औषध मग जंतूंसाठी.

एका शिक्षकांनी माझ्या गावाकडच्या बोलण्यावरून टोमणा मारला म्हणून मी काचेची नळी आपटून कॉलेजातून निघून गेलो. सरांनी समजूत घातली नाही. फोनवर एवढंच म्हणाले, "मास्तरावर रागावलास, मेंढरांवर न्हाईस ना? प्रयोगाला रक्त लागतंय." तेव्हापासून जनावरांचे डॉक्टर आमच्या मेंढराचं थोडं रक्त काढून देतात आणि मी ते बर्फाच्या पेटीत घालून माझ्या दुधाच्या गाडीतून प्रयोगशाळेत आणतो.

एकदा मी पेटी घेऊन उभा असताना ऋतुजानं दोन नळ्या उजेडात धरल्या. दोन्हींत आमच्या मेंढराचं रक्त आणि जंतूचं विष. एकीतल्या पेशी फुटून पाणी लालभडक झालेलं. दुसरीत सरांचे कण होते; तिच्यातल्या पेशी शाबूत राहून तळाला बसलेल्या, वर पाणी नितळ. तिचा चेहरा असा फुलला की मी पेटी खाली ठेवायचं विसरलो. "सरांना सांगून येते," म्हणून ती पळाली. मेंढरू माझं, गाडी माझी, आणि पळाली सरांकडं.

गेल्या वर्षी उसाचं खोडकं लागून माझ्या वडिलांचा पाय चिघळला. साध्या औषधांना जखम दाद देईना. मी प्रयोगशाळेत जाऊन टेबलावर मूठ आपटली. "तुमचं औषध द्या."

"ते अजून नळीतच चाललंय," सर म्हणाले. "तुझे वडील नळी न्हाईत."

"मरायला लागल्यावर देणार का?"

"तेव्हाबी न्हाय."

ऋतुजा सरांच्याच बाजूनं उभी राहिली, ते मला जास्त लागलं. पण सर त्याच पावली माझ्याबरोबर दवाखान्यात आले. जखमेतला जंतू तपासायला लावला, आणि अहवाल येईपर्यंत रोज संध्याकाळी वडिलांच्या खाटेशी बसून त्यांच्याशी मेंढरांच्या गप्पा मारल्या. जंतू कळला, औषध बदललं, पाय वाचला. माझे वडीलही आता सरांचंच नाव घेतात.

मग मी सरांसारखं व्हायचं ठरवलं. तसाच पांढरा शर्ट घेतला, हळू बोलायला लागलो, प्रत्येक वाक्याआधी "आपण असं बघू" म्हणायला लागलो. ऋतुजानं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सरांचं कातडं काढ आधी. तुला घट्ट होतंय." मेंढी फसते, ऋतुजा फसत नाही.

आता जूनमध्ये ती पुढच्या संशोधनासाठी हैदराबादला चाललीय. शिफारस सरांचीच. मी सरांना गाठलं. "तिला थांबवा. तुमचं ती ऐकते."

सर नळ्या धूत होते. "ऐकते म्हणूनच थांबवणार न्हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू का जात न्हाईस?"

"हैदराबादला?"

"आधी दुसऱ्या वर्षात."

मी तणतणत बाहेर आलो. राग उतरायला परंड्यापर्यंतचा रस्ता लागला.

सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांनी शंभरी गाठावी, गुडघे आणि डोळे शाबूत ठेवून गाठावी, आणि आपलं औषध नळीतून बाहेर पडून माणसाच्या कामी आलेलं स्वतः बघावं. यात माझाही मतलब आहे. सुट्टीला ऋतुजा आली की घराच्या आधी सरांच्या दारात जाणार, आणि तिथं पेटी घेऊन मी असणार. जूनपासून दुसऱ्या वर्षाच्या बाकावरही असणार. सरांना हे इथंच पहिल्यांदा कळेल.

हा लेख छापण्याआधी ऋतुजाच्या हाताखालून जाईल. सरांबद्दलचं ती एक अक्षर कापणार नाही. स्वतःबद्दलचं सगळं कापायचा तिला हक्क आहे. तेही तुमच्यापर्यंत पोचलं असेल, तर सरांसाठी दीर्घायुष्य मागताना माझ्यासाठीही थोडं मागा.